ठेंगूच्या वतीने आभार

३ डिसेंबर

प्रिय ठेंगू,

टक.

लाकडावर धातू. ओळखलास आवाज? बाबांचं अंगुस्तान. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटावर चढवलेली ती बारीक खळ्यांची पितळी टोपी. नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत लोकांचे कोट त्यांच्या हातात असायचे, आणि नाताळला जेवायला बसले तरी बोटावरची टोपी काढायचं भान नसायचं. मग त्याच बोटाने टेबलावर टक करायचे, एकेकाकडे बघून. टक, की आईने आभार मानायचे. टक, की मी. टक, की तू. सरत्या वर्षातली एकच गोष्ट, खरी घडलेली, देवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तू एकदा म्हणालास, "गणिताचे मास्तर आजारी पडले त्याबद्दल." बाबा हसू दाबत म्हणाले, "ते बरे झाले की त्याबद्दलही मानावे लागतील."

कालपासून तो आवाज कानात आहे. कारण काल मला नुसतं ऐकूच येत होतं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्यावर पट्टी आहे, आणि डावा डोळा तर पहिल्यापासून वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसणारा. म्हणून मी बोलतोय आणि लिहितेय सूनबाई. काळजी करू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, थोड्याच दिवसांत सुईत दोरा ओवाल." मला इतकं भरून आलं की तिथेच पडल्या पडल्या शाळेतली एक कविता म्हटली.

(काका, नमस्कार. मी तुमच्या पुतण्याची बायको, या उन्हाळ्यात या घरात आले. पप्पांनी कविता पूर्ण म्हटली. डॉक्टर हातात थेंबांची बाटली घेऊन थांबल्या होत्या.)

काय लिहिलंस गं मध्येच? असो. ठेंगू, नाताळ आला. दर नाताळला तुझी पाळी आली की मी तुझ्या वतीने आभार मानतो, हे तुला माहीत नसेल. तू घर सोडून गेलास त्याच्या पुढच्याच वर्षी तुझ्या वहिनीने ही रीत पाडली. म्हणाली, "जो इथे नाही त्याचेही आभार कुणीतरी पोचते करायला हवेत." तेव्हापासून तुझी खुर्ची टेबलाशी असते, मी तिच्याकडे बघून टक करतो, आणि मीच बोलतो.

एवढं सांगितलं आणि सूनबाईचं पेन थांबलं.

"काकांनी तसं कळवलेलं असतं का, पप्पा?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं कळतं, ते कशाचे आभारी आहेत ते?"

"अंदाजाने."

ती प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते. अंदाज हा शब्द तिच्या कानाला खपत नाही. म्हणाली, "मग ते आभार काकांचे नाहीत. तुमचेच आहेत, त्यांच्या खुर्चीत बसवलेले."

मग तिने विचारलं, काका घर सोडून का गेले. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, आणि तुला हे तिच्याच अक्षरात वाचावं लागतंय. तुझी बायको, जिला आपण सगळे चिमणी म्हणायचो कारण तिची टकळी कधी थांबायची नाही, ती तू घर सोडलंस त्या वर्षीच्या हिवाळ्यात तापाने गेली. नाताळला तू जेवायला आलास. बाबांचं अंगुस्तान तोवर माझ्या बोटावर आलं होतं. तुझी पाळी आली तेव्हा तू शांतपणे म्हणालास, "दादा, यंदा माझ्याकडे काही नाही." उठलास, कोट घेतलास, आणि जिना उतरलास. मला तुझा राग नव्हता आणि तुला माझा. तुझं भांडण वरच्याशी होतं.

(काका, मी हे लिहिताना थांबले होते. पप्पांना दिसलं नाही.)

तर एक मागणं आहे. यंदा तूच कळव. एकच गोष्ट, एका ओळीत. म्हणजे मला खरं बोलता येईल.

तुझा,
दादा

१० डिसेंबर

प्रिय ठेंगू,

हे अक्षर माझं. बघ, ओळ सरळ आहे.

पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं सांगू? तुझ्या वहिनीच्या कपाळावरच्या सुरकुत्या. मी म्हटलं, "अगं, या कधी आल्या?" ती म्हणाली, "तुम्ही दुसऱ्या दिशेला बघत होतात तेव्हा." मग दुकानात उतरलो. कातरीची धार, पाटावरच्या खडूच्या रेघा, दोऱ्यांच्या रिळांचे रंग. सगळं कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं. आणि तेव्हाच कळलं की ज्या गृहस्थांचा काळा कोट मी गेल्या महिन्यात दिला, त्याची बटणं गर्द हिरव्या दोऱ्याने लावली होती. ते काल रस्त्यात भेटले. मी कबूल केलं. ते म्हणाले, "अहो, मला तर ती नवी पद्धत वाटली." त्यांनाही डोळे दाखवायला सांगितलं आहे.

सूनबाईचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. आजवर तुझ्या नावावर मी काय काय खपवलं ते आठवत बसलो. एका वर्षी तुला चांगली छत्री मिळाली होती. एकदा तुझ्या गुडघ्याचं दुखणं कमी झालं. एकदा तू ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करतोस तिथल्या गच्चीवरून तुला समुद्र दिसला. माझ्याकडे तुझा नुसता पत्ता, तुझ्या गावाला समुद्र आहे की नाही देव जाणे. तुझ्या वहिनीने एकदा सुचवलं होतं, "भाऊजींना कुणाची तरी सोबत मिळाली असं म्हणा." ते मात्र माझ्याने झालं नाही. छत्री ठीक आहे. एवढं मोठं खोटं देवापुढे बोलवेना.

आता खरी अडचण ऐक. यंदा सूनबाईचे आईवडील आणि आजी जेवायला आहेत. खुर्च्या कमी पडतात. तुझी वहिनी काल म्हणाली, "त्याच्या मनाचं आपल्याला काही ठाऊक नाही हे खरंच आहे. यंदा त्याचा एक शब्द आला तर खुर्ची राहील. नाही आला तर तिथे आजींना बसवू. बसणारा माणूस दारात उभा असताना न येणाऱ्यासाठी किती वर्षं जागा धरायची?"

रागाने नाही म्हणाली. टेबल पुसता पुसता म्हणाली, आणि तुझ्या खुर्चीची पाठ दोनदा पुसली.

तुझा पुतण्या म्हणतोय, जिन्याच्या वळणावरच्या तुळईला गादीचा तुकडा ठोकू, पाहुण्यांची डोकी आपटतील. मी नको म्हटलं. लहानपणी सगळ्यांत बुटका म्हणून तुला ठेंगू नाव पडलं, आणि मग एका वर्षात तू असा सरसर वाढलास की त्या तुळईला रोज सलामी द्यायचास. ती तशीच राहू दे. पाहुण्यांना वाकायला सांगता येतं.

सगळ्या जगाला वर पोचवतोस, ठेंगू, आणि दोन मजले तुला चढवत नाहीत. चिडू नकोस, थट्टा करतोय. एक ओळ पाठव.

दादा

१७ डिसेंबर

प्रिय ठेंगू,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन खालूनच ओरडला, "आजोबा, लांबचं आहे!" मी चष्मा न लावता वाचलं. दोन वाक्यं.

"दादा, माझ्या नावाने काही बोलू नकोस. डोळे सांभाळ."

पहिलं वाक्य मी एकदा वाचलं. दुसरं बरेचदा.

तुझ्या वहिनीने कार्ड घेतलं, वाचलं, आणि साखरेच्या डब्याखाली ठेवलं. म्हणाली, "शब्द मागितला होता. हा शब्द आला. झालं मग." सूनबाई खाली बघत राहिली. तिला वाटतंय हे सगळं तिच्या प्रश्नामुळे झालं. मी तिला म्हटलं, "बाळ, तू विचारलं नसतंस तर ही दोन वाक्यंही आली नसती." तरी तिचा चेहरा उतरलेलाच.

मग मी पाळकांकडे गेलो. ते मुलांना गव्हाणीच्या देखाव्यासाठी मेंढ्या रंगवायला मदत करत होते, नाकाला पांढरा रंग. विचारलं, "दुसऱ्याच्या वतीने आभार मानले तर देव ते धरतो का?"

"मी दर रविवारी सगळ्या मंडळीच्या वतीने मानतो," ते म्हणाले. "निम्मे झोपलेले असतात. धरत नसेल तर माझं कठीण आहे."

"आणि त्या माणसानेच नको म्हटलं तर?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "मग गप्प बसा. पण त्याच्या शेजारी बसून गप्प बसा."

घरी येताना मी त्या दहा कुष्ठरोग्यांचा विचार करत होतो. बाबा ती गोष्ट दर नाताळला सांगायचे. दहा जण बरे झाले, एकटाच आभार मानायला परत आला. प्रभूने विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत? लहानपणी मला त्या नवांचा राग यायचा. आता नाही येत. मला वाटतं, त्यांतला एखादा आधी घरी गेला असेल. त्याचं घर मोडलेलं असेल. बायको वाट बघून बघून गेलेली असेल. अंगावरचे डाग गेले म्हणून आभार मानावेत, तर ते दाखवायचे कुणाला? तो उंबऱ्यावर बसून राहिला असेल. आणि मग कितीतरी दिवसांनी, एका सकाळी, त्याला आठवलं असेल की कुणीतरी विचारलं होतं, बाकीचे कुठे आहेत? हा प्रश्न रागाचा आहे असं सगळे धरून चालतात. मला तर तो पानं वाढून वाट बघणाऱ्या माणसाचा वाटतो.

तुझं म्हणणं मी मानतो. तुझ्या नावाने यंदा छत्रीसुद्धा नाही.

दादा

२४ डिसेंबर

प्रिय ठेंगू,

सकाळपासून घरात केकचा वास आहे. शेवटचा कोट दुपारी गेला. खिडकीत कागदी तारा लावला. आतला दिवा तुझ्या पुतण्याने बसवला आणि मी त्याला सूचना देऊन देऊन वैताग आणला. यंदा मला ताऱ्याची पाचही टोकं वेगवेगळी दिसतात. गेल्या वर्षी तो नुसता एक पिवळा डाग होता आणि मी सगळ्यांना सांगत होतो, काय सुरेख दिसतोय.

खुर्चीचं सांगायचं राहिलं. सकाळी जागा लावायला घेतल्या. तुझ्या वहिनीने तुझी खुर्ची उचलली, निळ्या पट्ट्यांची उशी झटकली आणि आजींसाठी दिव्याजवळ नेऊन ठेवली. मी तिला अडवणार कसा? तिने इतकी वर्षं ती पुसली आहे, माझ्यापेक्षा जास्त.

तेवढ्यात सूनबाई खालून दुकानातलं स्टूल घेऊन वर आली. तेच, तीन पायांचं, ज्यावर बसून मी बटणांची काजं करतो. जिना चढून धापा टाकत होती. स्टूल टेबलाशी ठेवलं आणि म्हणाली, "मी यावर बसते. आजी माझ्या खुर्चीत. ती तिथली तिथे ठेवा, आई."

"अगं, त्याने नको म्हटलंय."

"बोलू नका म्हटलंय. बसणार नाही असं कुठे म्हटलंय? जेवढं लिहिलंय तेवढंच वाचायचं."

तुझी वहिनी तिच्याकडे बघत राहिली. "प्रयोगशाळेत हेच शिकवतात वाटतं."

"हो."

"त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. पडशील."

"घडी घालून कागद लावते."

खुर्ची परत आली. तुझ्या जागी, भिंतीच्या बाजूला, पाय पसरायला जागा असते तिथे.

उद्या असं करायचं ठरलंय: तुझी पाळी आली की मी टक करेन, आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. एखादी छोटी कविता म्हणून होईल एवढा वेळ. कविता मनात. मी तुझ्यासाठी दोन ओळी केल्याही आहेत:

धुक्यातुनी ये कुणी घराशी,
दिवा तेवता खिडकीपाशी.

तिसरी सुचत नाही. कवितेच्या तासाला मास्तर म्हणायचे, तुझ्या कविता दारापर्यंत येतात आणि आत येत नाहीत.

माझे उद्याचे आभार काय असतील ते तुला आजच सांगतो, कारण ते कुणाच्या वतीने नाहीत. डोळ्याचे मानणार होतो. पण ते डॉक्टरीणबाईंपुढे मानून झाले, तेही यमकात. मी मानणार आहे त्या दुसऱ्या वाक्याचे. "डोळे सांभाळ." इतक्या वर्षांत तुझ्या तोंडचं माझ्या काळजीचं पहिलं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं.

दादा

२५ डिसेंबर, दुपार

प्रिय ठेंगू,

उपासनेहून आलो. सगळ्यांनी गाणी इतक्या मोठ्याने म्हटली की पाळकांना उपदेश आटोपता घ्यावा लागला. कुणी तक्रार केली नाही. आता पाहुणे आले आहेत, कोट खुंट्यांवर आहेत, टेबलावर ताटं लागताहेत. मला काही काम नाही. मी मध्ये आलो की तुझी वहिनी म्हणते, "तुम्ही लिहीत बसा." म्हणून खिडकीपाशी बसलोय. अंगुस्तान बोटावर आहे, त्यामुळे पेन नीट धरता येत नाही, अक्षर बघ कसं

दार वाजलं.

तुझी वहिनी गेली उघडायला. थांब.

आता परत बसलो आहे. लिहायला हवं, का ते कळेल.

दारात एक बाई होत्या. मध्यम वयाच्या, ठेंगण्या, गळ्याशी राखाडी स्कार्फ, हातात प्रवासाची पिशवी. या घरात त्यांना कुणीच कधी बघितलेलं नाही.

"शिंप्याचं घर हेच ना?"

"हेच," तुझी वहिनी म्हणाली. "पण आज दुकान बंद आहे हो."

"काही शिवायचं नाहीये. मला एक खुर्ची बघायची आहे."

"विकायला कुठली काढलेली नाही."

बाईंनी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. टेबल, माणसं, आजी, स्टुलावर बसून तोल सांभाळणारी सूनबाई. मग भिंतीकडे. "निळ्या पट्ट्यांची उशी," त्या हळूच म्हणाल्या. "तीच. रिकामी आहे ना?"

तुझ्या वहिनीने वळून खुर्चीकडे बघितलं. मग सूनबाई म्हणाली, "आहे."

"ते खाली रस्त्यात उभे आहेत. मला म्हणाले, आधी तू वर जा आणि बघून ये, खुर्ची ठेवलीय की दिली कुणाला. दिली असली तर आपण सरळ स्टेशनवर जाऊ."

"कोण ते?" तुझ्या वहिनीने विचारलं. पण तिने दाराची कड घट्ट धरली होती.

"तुमचे ठेंगू."

"आणि तुम्ही?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी त्यांची बायको. दोन वर्षं झाली. लिफ्टमध्ये अडकले होते मी, एकटीच, अंधारात. दार उघडेपर्यंत हे बाहेरून माझ्याशी बोलत राहिले. त्यांच्या दादाबद्दलच बोलत होते, अंगुस्तान टकटक करणाऱ्या."

मी उठलो. मला वाटतं मी काहीतरी बोललोही.

"कितीदा म्हटलं, घरी कळवा," त्या म्हणाल्या, आता माझ्याकडे बघून. "तर म्हणायचे, ज्या तोंडाने माझ्याकडे काही नाही म्हणून उठलो, त्याच तोंडाने कसं सांगू? मग तुमची पत्रं आली. ते कार्ड टाकलं आणि यांचं जेवणातलं लक्ष उडालं. मी विचारलं, दादांनी तुमच्या नावाने आभार मानले तर बिघडलं काय? म्हणाले, दादा छत्रीचे मानेल. आणि माझ्याकडे सांगायला तू आहेस."

तुझ्या वहिनीने त्यांच्या हातातून पिशवी घेतली. एवढंच. मग त्यांचा गाल आपल्या तळव्यात धरला, जसा चिमणीचा धरायची.

मी जिन्याकडे निघालो तर बाईंनी मला अडवलं. "तुम्ही खाली यायचं नाही असं बजावलंय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आणि जिन्यात कविता म्हणायला लागाल. तसं झालं तर ते तिथूनच परत फिरतील, असं सांगायला सांगितलंय."

त्या खाली गेल्या आहेत तुला सांगायला. जाताना वळणावर त्यांना वाकावं लागलं नाही.

म्हणून मी लिहितोय, ठेंगू. जागेवर बसून राहायचं तर हाताला काहीतरी हवं. सूनबाई आणखी एक स्टूल आणायला निघाली होती, तिला आजींनी थांबवलं. म्हणाल्या, जिना मोकळा ठेव. तुझ्या वहिनीने दोन ताटं मांडली आणि आता ती उगाच उशी झटकतेय. देवाचे आभार मी नंतर नीट मानेन, आत्ता कान जिन्याकडे आहेत.

खालचं दार उघडलं. पावलं आहेत. दोघांची. एकाची हलकी, एकाची गुडघा दुखणाऱ्या माणसाची. तेवढं मी खरं बोललो होतो, नुसतं उलटं.

पहिला मजला झाला. थांबली. परत सुरू झाली.

वळणावरच्या तुळईवर थाडकन काहीतरी आपटलं. आणि पाठोपाठ तो शब्द, जो तोंडातून निघाला की आई तुला जेवणावरून उठवायची.